एडना बोर्जिसनं मोजलेले दाखले

सन बेचाळीसच्या एप्रिलात भाईंदर स्टेशनवरून अकरा बैलगाड्या निघाल्या आणि मिठागरांच्या कडेकडेनं, मुर्धा, राई, मोरवा अशी एकेक गावं मागं टाकत दुपारी डोंगरीला पोचल्या. प्रत्येक गाडीत चार चार लाकडी खोकी. कुणी म्हणालं आत साबण आहे, कुणी म्हणालं लष्कराची बिस्किटं. उतरवताना एक खोकं फुटलं आणि आतून जाडजूड, धुळकट, एकही रंगीत चित्र नसलेली मासिकं रस्त्यावर पडली. गाव हिरमुसलं आणि आपापल्या कामाला लागलं. रुडॉल्फ बोर्जिसची एडना मात्र थांबली. तिनं एक अंक उचलला, धूळ झटकली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली.

झालं होतं असं, की मुंबईवर बॉम्ब पडणार अशी बोलवा होती. प्राणिशास्त्राचं संशोधन करणाऱ्या एका संस्थेनं आपली जुनी मासिकं शहराबाहेर हलवायचं ठरवलं. वांद्र्याच्या कुण्या हितचिंतकाचा डोंगरीत बंगला रिकामा पडला होता, तो त्यानं देऊ केला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात कागद ठेवायची ही कल्पना मूळ कुणाची, ते नंतर कुणीच कबूल केलं नाही.

एडना तेव्हा तेवीस वर्षांची होती. वांद्र्याच्या नन्सच्या शाळेत मॅट्रिक झालेली, टायपिंग शिकलेली. ज्या कचेरीत ती कामाला होती ती कचेरीच लढाईच्या भीतीनं गाशा गुंडाळून गेली, म्हणून ती घरी आलेली. संस्थेला मासिकं सांभाळायला इंग्रजी जाणणारं माणूस हवं होतं. तिला नेमणुकीचं पत्र आलं, त्यात हुद्दा लिहिला होता ‘कस्टोडियन’.

‘‘म्हंजे काय गो?’’ रुडॉल्फनं विचारलं.

‘‘राखणदार, पापा.’’

‘‘कागदांचा राखणदार! आपुन वाडीला राखण ठेवतो, कारण वांगी चोरीला जातात. हे कोन चोरनार?’’

चोर होते, पण सहा पायांचे. कसर आणि वाळवी. शिवाय बुरशी. एडना रोज सकाळी शंभर-दीडशे अंक बंगल्याच्या ओटीवर उन्हात पसरायची, पानं उलटायची, ब्रशनं झाडायची, कडुनिंबाचा पाला घालून परत रचायची. पानं उलटायचीच म्हटल्यावर डोळे मिटून कशी उलटणार? ती वाचायला लागली. अर्ध्याहून जास्त मासिकं जर्मन, फ्रेंच, इटालियन. मजकूर कळायचा नाही. पण प्रत्येक निबंधाच्या शेवटी एक यादी असायची: लिहिणाऱ्यानं आधीच्या कुणाकुणाच्या कामाचा दाखला दिलाय त्याची. नावं आणि सालं कुठल्याही भाषेत वाचता येतात. एडना त्या याद्या वाचायची.

त्याच बंगल्याच्या मागच्या खोलीत डॉ. कमळाकर कोठारे राहायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, गिरगावातले पाठारे प्रभू, घरात एकटेच. संस्थेत ते मासळीवर काम करत. खाडी जवळ म्हणून मासिकांबरोबर तेही हौसेनं इकडे आले होते. त्यांचा जीव अडकला होता निवटीत. ओहोटीला खाडीच्या चिखलात टणाटण उड्या मारणारा, डोळे डोक्यावर घेऊन फिरणारा तो बोटभर मासा. सगळं गाव त्याचं कालवण करायचं, आणि डॉक्टर त्याच्यासमोर छत्री उघडून तासन्‌तास चिखलात बसायचे. दोनदा कमरेपर्यंत रुतले. दोन्ही वेळा लोकांनी दोर टाकून बाहेर काढलं, आणि दोन्ही वेळा वर आल्यावर त्यांनी आधी वही शोधली, मग चप्पल. गावात त्यांचं नाव ‘निवटीवाला डॉक्टर’ पडलं. एकदोन म्हाताऱ्या औषध मागायला येऊन गेल्या. आपण त्यातले डॉक्टर नव्हे, हे सांगताना ते इतके शरमले की शेवटी त्यांनी घरातलं सुंठीचं पाकीटच देऊन टाकलं.

जुलैतल्या एका उघडिपीच्या सकाळी एडना एक जर्मन अंक झाडत होती. शेवटच्या यादीत तिला दिसलं: कोठारे, के., १९३४. तिनं पुन्हा वाचलं. मुंबईचंच नियतकालिक, निवटीचंच लॅटिन नाव. परक्या गावच्या चर्चमध्ये आपल्या गल्लीतल्या माणसाचं नाव पुकारलं जावं, तसं तिला वाटलं. अंक पदराखाली धरून ती मागच्या खोलीकडे धावली.

‘‘डॉक्टर, तुमचं नाव छापून आलंय. जर्मनीत!’’

कोठारे दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी अंक घेतला. जर्मन त्यांना येत होतं. ते वाचत गेले आणि कानापर्यंत लाल झाले.

‘‘हा माझा निवटीच्या श्वासाचा निबंध,’’ ते म्हणाले. ‘‘अंग ओलं असेपर्यंत ती कातडीनं श्वास घेते, असं मी लिहिलं होतं. मला वाटलं होतं, तो मी आणि छापखान्याचा जुळारी, दोघांनीच वाचलाय.’’

‘‘यांनी काय लिहिलंय?’’

‘‘माझ्या पद्धतीनं त्यांनी दुसऱ्या माशावर प्रयोग केलाय. जमला म्हणतात.’’ त्यांनी अंकाच्या कडेला लागलेला फेस पुसला. ‘‘मिस बोर्जिस, आठ वर्षं झाली हो या निबंधाला.’’

त्या दिवसापासून एडनानं कार्डं करायला घेतली. लढाईत कागद मिळत नव्हता, म्हणून तिनं बिस्किटांच्या आणि मेणबत्त्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले. एका संशोधकाला एक कार्ड. त्याच्या निबंधाचा दाखला कुठल्या मासिकात, कुठल्या साली, कुणी दिला ते खाली लिहायचं. सुरुवात कोठाऱ्यांपासून केली, पण एकट्याचंच करणं तिला लबाडी वाटली, म्हणून संस्थेतल्या सगळ्या बारा संशोधकांची कार्डं केली. शिवाय बंगल्यातल्या प्रत्येक मासिकाचीही, त्यातल्या निबंधांचे दाखले कुणी कुणी दिले ते मोजायला. वर्षभरात पुठ्ठ्यांनी तीन पेट्या भरल्या. संध्याकाळी वाडीतून आला की रुडॉल्फ विचारायचा, ‘‘आज कोनी कोनाचं नाव घेतलं?’’ आणि ती सांगायची.

सन त्रेचाळीसमध्ये संस्थेचे संचालक डॉ. फ्रामजी दुबाश पाहणीला आले. खर्च कमी करायचा म्हणून निम्म्या मासिकांवरचा खर्च बंद करायचा होता, आणि कुठली बंद करावीत यावरून संस्थेत जुंपली होती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मासिकावर बोट ठेवत होता. एडनानं भीत भीत आपल्या पेट्या पुढं केल्या.

‘‘सर, मला विषयातलं कळत नाही. पण लिहिणारे लोक कुठल्या मासिकातले दाखले पुन्हा पुन्हा देतात, ते यात आहे. ही अठरा मासिकं सगळ्यांना लागतात. आणि या सातांचा दाखला वीस वर्षांत कुणीच दिलेला नाही.’’

दुबाशांनी चष्मा पुसला, कार्डं चाळली. मग त्या सातांतल्या एका मासिकाचं नाव पाहून ते मोठ्यानं हसले. ‘‘ह्याचा संपादक तर मीच हाय नी!’’ ते आपल्या पारशी मराठीत म्हणाले. ‘‘बंद कर, दीकरी. छापखाना तरी सुटेल.’’

तेव्हापासून कार्डांना संस्थेची मान्यता मिळाली, आणि पुठ्ठ्यांऐवजी खरी कार्डंही.

या सगळ्यात एक गोष्ट एडनानं भांडून करून घेतली. भाईंदरच्या खाडीत निवट्या पकडणारी गोदूबाई नावाची कोळीण कोठाऱ्यांना जिवंत मासे आणून द्यायची. एकदा ती सहज बोलून गेली, ‘‘दाटी झाली का निवटी चिखलाचा बांध घालते. आपापलं घर येगळं. मोकळी जागा आसली तं न्हाय घालत.’’ कोठाऱ्यांनी चार महिने मोजमाप केलं. बाईचं बोलणं तंतोतंत खरं निघालं. त्यांनी निबंध लिहिला आणि टाइप करायला एडनाकडे दिला. एडनानं वाचून तो परत त्यांच्या टेबलावर ठेवला.

‘‘यात गोदूबाई कुठं आहे?’’

‘‘शेवटी आभार मानलेत की. ‘स्थानिक मच्छीमारांचे.’’’

‘‘तुम्ही सव्वीस जणांचे दाखले दिलेत, डॉक्टर. ते काय ‘जर्मनीतले काही रहिवासी’ म्हणून दिलेत?’’

कोठारे खूप वेळ डोकं खाजवत बसले. मग त्यांनी पेन घेऊन पहिल्याच पानावर वाक्य घातलं: ही गोष्ट प्रथम भाईंदर येथील गोदूबाई यांनी पाहिली व सांगितली. निबंध चव्वेचाळीस साली तसाच छापून आला.

लढाई संपली. मुंबईतल्या संस्थेच्या खोल्या अजून सरकारी खात्यानं अडवून धरल्या होत्या, त्यामुळे मासिकं डोंगरीतच राहिली. सेहेचाळीसच्या मार्चमध्ये संस्थेतल्या मत्स्यविभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. उमेदवार दोन: डॉ. कोठारे आणि डॉ. गजानन सबनीस.

सबनीस म्हणजे चटपटीत, नीटनेटके, बोलायला गोड. त्यांनी अडतीस निबंध लिहिले होते. कोठाऱ्यांचे सगळे मिळून पाच. समितीतल्या तिघांपैकी दोघांना मोजणी सरळच वाटली. अडतीस म्हणजे अडतीस आणि पाच म्हणजे पाच. दुबाश मात्र म्हणाले, ‘‘डोंगरीच्या पोरीला कार्डं घेऊन बोलावू या.’’

एडना आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब टेबलाच्या टोकाला बसली. समोर समिती, एका बाजूला सबनीस, दुसऱ्या बाजूला कोठारे, त्यांच्या बुटांना सुकलेला चिखल. तिनं वाचून दाखवलं.

‘‘डॉ. कोठाऱ्यांच्या पाच निबंधांचे चौदा दाखले. चौदाही दुसऱ्यांनी दिलेले. डॉ. सबनीसांच्या अडतीस निबंधांचे बावन्न दाखले.’’ ती थांबली, तिला पुढचं वाचायला संकोच वाटला. ‘‘त्यांतले चव्वेचाळीस त्यांनी स्वतःच, आपल्या पुढच्या निबंधांत दिलेले आहेत.’’

कुणीतरी खोकलं. सबनीस उठले. एडनाला वाटलं, आता हे चिडणार. पण ते शांतपणे बोलले.

‘‘बाईंनी मोजलंय ते बरोबरच असेल. मला फक्त एक विचारायचंय. चाळीसनंतर परदेशातली किती मासिकं डोंगरीला पोचली?’’

‘‘फार थोडी,’’ एडना म्हणाली. ‘‘जर्मन तर एकही नाही.’’

‘‘माझं निम्मं काम छत्तीसनंतरचं. त्याचा दाखला कुणी दिला असेल तर तो अजून कुठल्या तरी बंदरात पडून असणार. अर्ध्या कपाटावरून माणसाचं माप घ्यायचं का?’’

दुबाशांनी एडनाकडे पाहिलं. ‘‘तुमचं काय म्हणणं?’’

कोठारे जिंकायला हवेत, असं तिला मनापासून वाटत होतं. तिनं हातातलं कार्ड खाली ठेवलं.

‘‘डॉक्टर सबनीस म्हणतात ते खरंय, सर,’’ ती म्हणाली. ‘‘माझी मोजणी अपुरी आहे.’’

समितीनं निर्णय पुढं ढकलला. अडकलेल्या मासिकांची पार्सलं येईपर्यंत थांबायचं ठरलं. परतताना एडनाला वाटलं की आपण डॉक्टरांचा घात केला. कोठारे मात्र खुशीत होते. ‘‘सहा वर्षांची मासिकं एकदम येणार!’’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. जागेचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

पार्सलं जूनपासून यायला लागली. अमेरिकेतून, स्वित्झर्लंडमधून, हॉलंडमधून. एडना सकाळी सातला बसायची ती कंदील लावायच्या वेळेलाच उठायची. रुडॉल्फ दुपारी तिथंच जेवणाचा डबा आणून द्यायचा आणि तिच्याकडून सुतळ्या गोळा करून न्यायचा. काकडीच्या वेलांना त्या फार उपयोगी पडल्या.

कोठाऱ्यांच्या कार्डावर ओळी वाढत चालल्या. वीस झाल्या, तीस झाल्या. मग ऑगस्टात तिला एका डच संशोधकाचा इंग्रजी निबंध मिळाला, आणि तो तिनं दोनदा वाचला. त्यानं कोठाऱ्यांचं नाव नऊदा घेतलं होतं, पण त्यांचं चुकलंय हे सांगायला. निवटी नुसत्या कातडीनं नव्हे, तोंडाच्या आतल्या अस्तरानंही तेवढाच श्वास घेते, असं त्यानं मोजून दाखवलं होतं. त्याच्यामागून आणखी पाच जणांनी तेच लिहिलं होतं. हे दाखले मोजायचे की नाही? न मोजावं तर लबाडी, आणि मोजून मानाच्या रांगेत बसवावेत तर तीही लबाडीच. दोन दिवस ती कोठाऱ्यांची नजर चुकवत होती. शेवटी तिनं अंक त्यांच्या हातात ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

त्यांनी वाचलं. मग ते ओटीवर आले आणि एवढ्या जोरात ओरडले की बाहेर वाळत टाकलेल्या मासळीवरचे कावळे उडाले.

‘‘एडनाबाई, यानं मोजलंय! मी नुसता अंदाज केला होता, यानं यंत्र बनवून मोजलं. काय माणूस आहे!’’

‘‘पण तो तुम्हाला चूक म्हणतोय.’’

‘‘माझं खोटं पाडायला यानं चार वर्षं घातलीत. ज्याला कुणी मोजतच नाही, त्याला कोण खोटं पाडतंय? लिहा, लिहा. पण वेगळं लिहा.’’

एडनानं कार्डावर लाल शाईनं नवा रकाना आखला: ‘चूक दाखवणारे, सहा.’ त्याच आठवड्यात एका अमेरिकन अंकात निवटीच्या बांधांचा दाखला सापडला. लेखकाचं नाव छापलं होतं: बाई, गोदू. त्या साहेबानं ‘बाई’ हे आडनाव धरलं होतं. एडना अंक घेऊन त्याच दिवशी भाईंदरला गेली. गोदूबाई टोपली उतरवून बसली होती. तिनं छापील ओळीवर बोट फिरवलं, ओळीचा वास घेतला आणि म्हणाली, ‘‘यात निवटीची रीत लिवली का, कशी शिजवायची ती?’’ नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘तं मग आर्धंच काम झालं.’’ तरी त्या संध्याकाळी तिनं शेजारपाजारच्या सगळ्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. एडनानं परत येऊन तिच्याही नावाचं कार्ड केलं.

आणि सबनीसांचं काय? त्यांच्या अडतीस निबंधांना नव्या पार्सलांत मोजून अकरा दाखले मिळाले. पण एडनाला वेगळंच काही दिसत होतं. तीस साली सबनीसांनी एक दोन पानी टिपण छापलं होतं: मासळीचे नमुने बाटलीत ठेवले की रंग उडतो, तो टिकवण्यासाठी द्रावण कसं करावं याचं. त्या टिपणाचा दाखला सापडतच होता. अमेरिकेत, स्वित्झर्लंडमध्ये, कोलंबोत. मार्चमध्ये तिनं यादीतलेच निबंध मोजले होते; आता जुन्या कार्डावरचे धरून एकूण त्रेपन्न. तिनं सबनीसांची यादी पुन्हा काढून पाहिली. त्या अडतिसांत हे टिपण नव्हतंच. स्वतः सबनीसांनी ते गाळलं होतं.

सप्टेंबरात समिती पुन्हा बसली. एडनानं या वेळी न अडखळता वाचलं. कोठाऱ्यांचे एक्केचाळीस, त्यांतले सहा चूक दाखवणारे. सबनीसांच्या अडतीस निबंधांना दुसऱ्यांनी दिलेले एकोणीस. ‘‘आणि द्रावणाच्या टिपणाचे त्रेपन्न,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही ते यादीत दिलं नव्हतं, डॉक्टर.’’

सबनीस पुढं वाकले. ‘‘ते? ते तर मी एका रविवारी लिहिलं. आमच्या हमालाच्या हातून बाटली फुटली म्हणून नवीन द्रावण करावं लागलं होतं... त्रेपन्न?’’

‘‘त्रेपन्न.’’

‘‘म्हणजे मी सोळा वर्षं उगीचच...’’ आधी ते हसले, मग कोठारे हसले, मग समितीही.

आकडे समोर आल्यावर समितीला उलट जास्त वेळ लागला, कारण आता सगळ्यांना निबंध वाचावेसे वाटले. दुबाशांनी एडनाला बाहेर चहा पाठवून दिला. दोन तासांनी दार उघडलं. प्रमुखाची जागा कोठाऱ्यांना मिळाली. सबनीसांकडे नमुन्यांचं संग्रहालय सोपवलं, जे आजवर कुणाकडेच नीट नव्हतं.

कोठारे प्रमुख म्हणून बेताचेच निघाले. फायली हरवायचे, बैठका विसरायचे आणि ओहोटीच्या वेळा पाहून रजा टाकायचे. सबनीसांनी मात्र संग्रहालयाचं सोनं केलं. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी दोनच निबंध लिहिले, आणि दोन्ही लिहायच्या आधी ते एडनाला विचारायला आले की या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय.

कारण सत्तेचाळीसच्या सुरुवातीला मासिकं मुंबईला परत गेली तेव्हा त्यांच्याबरोबर एडनाही गेली, सहायक ग्रंथपाल म्हणून. आठवडाभर ती वांद्र्याला मावशीकडे राहायची आणि शनिवारी डोंगरीला यायची. रुडॉल्फनं कार्डांच्या पेट्या गाडीत स्वतःच्या हातांनी चढवल्या. गाडीवानानं विचारलं, ‘‘काय हाय आत? एवढं जड?’’

‘‘मानसं हायत,’’ रुडॉल्फ म्हणाला. ‘‘सांबाळून ने.’’

एकोणपन्नास साली संस्थेत एक तरुण संशोधक रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात तो ग्रंथालयात आला आणि आढ्यतेनं म्हणाला, ‘‘माझं कार्ड कुठंय? किती झाले?’’

एडनानं ड्रॉवर उघडला, कोरं कार्ड काढलं, त्यावर सुरेख अक्षरात त्याचं नाव लिहिलं आणि त्याला दाखवलं. ‘‘जागा भरपूर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘बसा. तुमचा निबंध आधी मला वाचायला द्या.’’